पाठीमागची खुर्ची

मी डोळे करते. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग, न चुकता, माझ्या डोळ्यांकडे. माझे दोन्ही माझेच आहेत. हे मी इतक्यांदा सांगितलंय, की आता कोणी रोखून बघायला लागलं की मीच म्हणते, "खरे आहेत, पुढचं बोला."

अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा जातो त्यांच्यासाठी नकली डोळा करायचा, हा आमचा धंदा. त्या डोळ्याने दिसत काही नाही. पण समोरच्याला तो दिसतो, आणि चार माणसांत वावरायला तेवढं पुष्कळ असतं. खाचेचं माप घेणं, साचा करणं, पांढरा भाग ओतणं आणि शेवटचं पॉलिश हे सगळं माझ्या नवऱ्याकडे. मधलं बुबुळ माझ्याकडे. नखाएवढी काळी चकती, तिच्यावर रंगाचे पातळ थर, आणि बाहुलीपासून बाहेर धावणाऱ्या बारीक रेघा. नीट बघितलंत तर कुठल्याही माणसाच्या बुबुळात अशा रेघा असतात, आणि प्रत्येकीचा कल वेगळा असतो. मधूनमधून चकतीवर पाण्याचा एक थेंब ठेवायचा, म्हणजे वर पारदर्शक घुमट बसल्यावर रंग कसा दिसेल याचा अंदाज येतो. पांढऱ्या भागावर शिरा म्हणून लाल रेशमाचे धागे उसवून चिकटवायचे. हे ऐकून माणसं तोंडात बोट घालतात. मला त्यात काही विशेष वाटत नसे. रोजचं काम होतं.

हे काम मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांच्या मुलाच्या पायाला भिंगरी, तो बुबुळापुढे पाच मिनिटं बसेना, म्हणून सुनेला बसवली. माणूस अतिशय तिरसट. कशाचंही कारण सांगायचं नाही, हा त्यांचा बाणा. गिऱ्हाइकाची खुर्ची त्यांनी माझ्या पाठीमागे ठेवली होती. म्हणजे रंगवताना डोळा दिसत नाही आणि डोळा बघताना चकती दिसत नाही. मधे फिरत्या स्टुलावर अर्धा फेरा घ्यायचा. त्या फेऱ्यात नजरेसमोरून जाते ती नुसती पांढरी भिंत. तिच्यावर त्यांनी कधी कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नाही.

"डोळा पाठीशी, काम पुढ्यात," असं ते म्हणायचे. का, असं विचारलं की म्हणायचे, "कर मुकाट्याने. मान मोडली तर पट्टा आणून देईन."

मान मोडली नाही, पण दुखायची. मी पुटपुटत, चरफडत, तरीही तसंच करत राहिले. ते गेल्यावरही खुर्ची हलवली नाही. का हलवली नाही, ते मलाही सांगता आलं नसतं.

मग आमच्याकडे न्हावी आला.

न्हावी म्हणजे मागच्या चौकातल्या सलूनचा मालक. भिंतीवर मोठा आरसा लावताना तो निसटला आणि काच उडून त्याचा उजवा डोळा गेला. जखम भरली, पट्टी निघाली, आणि त्याच्या लक्षात आलं की दुसरंच संकट पुढे आहे. दुकान उघडायचं, वस्तरा पाजळायचा आणि वाट बघत बसायचं. एका डोळ्याच्या माणसापुढे गळा द्यायला कोण बसणार?

"परवा एक जण बसला होता, ताई," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "फेस लावला. वस्तरा हातात घेतला. त्याने आरशात माझ्याकडे बघितलं, आणि त्याला एकदम आठवलं की घरी गॅसवर दूध ठेवलंय. तोंडाला फेस तसाच घेऊन गेला हो! माझा टॉवेलही गेला."

मी हसले, आणि मग तोही हसला. पण खुर्चीच्या दांड्यावरची त्याची बोटं हसत नव्हती. हात त्याचा अजून तसाच होता, नजरही एका डोळ्याला सरावली होती. नव्हता तो लोकांचा धीर. भागीदार म्हणत होता की आता खुर्ची दुसऱ्या कारागिराला देऊ, तू गल्ल्यावर बस. "गल्ल्यावर बसून काय करू? माशा मारू?" तो म्हणाला. "मला डोळा द्या. बघायला नको, दाखवायला हवा."

त्याचा डावा डोळा फार सुंदर होता. गडद तपकिरी, आणि बाहुलीभोवती मधाच्या रंगाचं एक कडं, कडेला विस्कटत गेलेलं. मी कामाला लागले. बघायचं, वळायचं, रेघ ओढायची. पुन्हा बघायचं. न्हाव्याची जीभ कात्रीसारखी चालते, हे तुम्हाला सांगायला नको. त्याने मला गावभरच्या डोक्यांची माहिती दिली. कुणाचे भोवरे दोन आहेत, कुणाच्या टकलावर चामखीळ आहे.

"मला काय, डोळा मिटला की प्रत्येकाचं डोकं समोर येतं," तो म्हणाला. "मग ताई, तुम्ही तिकडे वळता तेव्हा माझा डोळा तुम्हाला दिसत असेल ना? असा मनात, फोटोसारखा?"

"हो तर," मी म्हटलं, आणि वळले.

आणि वळताना पहिल्यांदाच बघितलं, की खरंच काय दिसतंय. काही नाही. भिंत होती. भिंतीनंतर चकती होती. मधे त्याचा डोळा कुठेच नव्हता. मी डोळे मिटून पाहिलं. काळोख. नुसता काळोख, मुका.

ब्रश हातात तसाच राहिला. कुठली रेघ ओढायला आपण वळलो होतो, हे मला आठवेना.

त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "अहो, डोळे मिटल्यावर तुम्हाला काही दिसतं का?"

"काय दिसायचंय?"

"म्हणजे, समजा, तुमचे बाबा. त्यांचा चेहरा."

"दिसतो की," तो भाजी वाढून घेत म्हणाला. "चष्मा कपाळावर, आणि माझ्यावर चिडलेले. तुला नाही दिसत?"

डोळ्यांपुढे उभं राहणं, नजरेसमोर येणं, असं लोक म्हणतात. मीही जन्मभर म्हणत आले. मला वाटायचं ती बोलण्याची पद्धत आहे. पोटात कावळे ओरडतात म्हणून कोणी पोटात कावळे शोधत नाही. पण लोकांना खरंच दिसत होतं! साऱ्या जगाच्या डोक्यात दिवा होता, माझ्याच नव्हता. आणि मी, जिचं पोट डोळे लक्षात ठेवण्यावर चालतं, अंधारात चाचपडत होते. ज्या माणसाने मला धंदा शिकवला त्याचा चेहरासुद्धा मला डोळे मिटून दिसत नव्हता. मला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना, म्हणून नवऱ्यावर काढला. त्याने पुन्हा भाजी घेतली होती.

दुसऱ्या दिवसापासून हात चालेना. पूर्वी मी वळायची आणि रेघ ओढायची. आता वळायची आणि डोक्यात चित्र शोधायची. चित्र नसायचंच, आणि शोधण्याच्या नादात जे काही होतं तेही सांडायचं. न्हावी पाठीमागे बसून गप्पा मारत होता आणि मी चकतीपुढे दगडासारखी बसले होते. शेवटी, जे मी इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. सासऱ्यांचा नियम मोडला. खुर्ची उचलली आणि समोर आणून ठेवली, टेबलाला लागून. न्हाव्याचा डोळा इकडे, चकती तिकडे, वर मोठा दिवा. आता काही लक्षात ठेवायला नको. नुसतं बघून उतरवायचं. इतकं सोपं होतं, आणि म्हातारा उगाच आमच्या माना मोडत होता!

मी त्या डोळ्यातली एकही रेघ सोडली नाही. प्रत्येक ठिपका, कड्याचा प्रत्येक विस्कटलेला तंतू. नवऱ्याने घुमट चढवला, पॉलिश केलं आणि म्हणाला, "वा, एवढं बारीक काम तू कधीच केलं नव्हतंस."

न्हाव्याने डोळा बसवला आणि आरसा हातात घेतला. मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. त्याने आरसा जवळ धरला, मग लांब धरला.

"डोळा छान आहे, ताई," तो म्हणाला. "पण माझा नाहीये."

मी त्याला हातभर अंतरावरून बघितलं आणि मला ते लगेच कळलं. डावा डोळा बघत होता. उजवा डोळा दाखवत होता. त्याच्यातल्या सगळ्याच रेघा एकदम ओरडत होत्या. दुकानाच्या काचेत मांडलेल्या वस्तूसारखा तो त्याच्या तोंडावर बसला होता. चूक एकही नव्हती, आणि तरी सगळं चुकलं होतं.

"राहू दे," तो म्हणाला. "गल्ल्यावरून एवढं कोणाला कळणार नाही." त्याने हसायचा प्रयत्न केला. गल्ल्यावर बसायची तयारी त्याने केली होती, हे मला त्यातून कळलं, आणि ते मला सहन होईना. मी त्याला म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत खुर्ची देऊ नका कोणाला. भागीदाराला सांगा, बाई म्हणाली." बाई काय करणार होती, हे बाईलाच माहीत नव्हतं.

माझ्या बहिणीची मुलगी मेंदूचा अभ्यास करते. मोठी पदवी आहे तिच्याकडे, पण ती दुधाचे दात पडायच्या आधीपासून माझ्यासाठी चिंगी आहे आणि चिंगीच राहणार. माय मरो पण मावशी उरो म्हणतात. तिची आई ठणठणीत आहे, तरी ती भांडायला माझ्याकडेच येते. माणूस एखादी गोष्ट बघतो आणि ती गोष्ट निघून जाते, मग पुढचे काही क्षण ती डोक्यात कशी राहते, यावर तिचं काम चालतं. गेली दोन वर्षं ती माझ्या मागे लागली होती की मशीनमध्ये झोपायला ये, आम्हाला माणसं हवीत. मी म्हणायची, मला कामं आहेत.

आता मीच फोन केला. "चिंगे, तुझ्या त्या नळकांड्यात मला घाल. आणि बघून सांग, माझं डोकं रिकामं आहे का."

"ते मशीनशिवायही सांगता येईल," ती म्हणाली. मग माझा आवाज ऐकून गंभीर झाली. मी तिला सगळं सांगितलं. न्हावी, भिंत, काळोख, सासऱ्यांचा चेहरा. ती म्हणाली, "मावशी, मी इलाज करणारी डॉक्टर नाही. तुला काही झालंय का, ते मी सांगू शकत नाही. पण तुझ्यासारखी माणसं असतात. ज्यांना मिटल्या डोळ्यांनी काहीच दिसत नाही, अशी. तो आजार नाही. आणि त्यांचं काही अडतही नाही बहुतेक. तू ये. बघू तर."

बांगड्या, कानातलं, पिना, सगळं बाहेर काढून ठेवावं लागलं. तळघरातली खोली, गारेगार. मधे पांढरं मोठं मशीन आणि त्याला पडलेलं भोक. मला आडवं करून डोकं दोन्ही बाजूंनी उशांनी आवळलं आणि आत सरकवलं. आत जो आवाज होतो त्याला आवाज म्हणायचं जिवावर येतं. कोणीतरी पत्र्याच्या पेटीत आपल्याला घालून वरून हातोडे मारतंय असं वाटतं. डोळ्यांवर बसवलेल्या छोट्या आरशातून एक पडदा दिसत होता. पडद्यावर मधोमध एक ठिपका, त्याच्यावरून नजर हलवायची नाही.

"मावशी, हलायचं नाही," कानात चिंगीचा आवाज आला. "नाक खाजलं तरी."

अर्थात लगेच नाक खाजलं.

खेळ सोपा होता. कधी पडद्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं एक वर्तुळ यायचं, पट्टे कुठल्यातरी बाजूला कललेले. क्षणभरात ते जायचं. कधी पट्ट्यांऐवजी ठिपक्यांचा थवा यायचा, सगळे एका दिशेने चाललेले, तोही जायचा. मग कोरा पडदा. कोराच, बराच वेळ. आणि मग हातातली कळ दाबून एक खूण फिरवायची आणि दाखवायचं, पट्ट्यांचा कल कसा होता किंवा ठिपके कुठे चालले होते. मग पुढचं. मग पुढचं. तास दीड तास हेच.

त्या कोऱ्या वेळात मी जिवाच्या आकांताने आत बघत होते. पट्टे दिसतायत का? नाही. ठिपके? नाही. पडदा कोरा, आणि डोकं त्याहून कोरं. खूण आली की मी आपली अंदाजपंचे फिरवत होते. बाहेर आले तेव्हा मान आखडली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. चिंगीने पाणी प्यायला दिलं.

"सगळं चुकलं असणार," मी म्हटलं.

"एकही फारसं चुकलं नाही," ती कागद न बघता म्हणाली. "उत्तरं बघत होते मी. आता आतलं काय ते आकडेमोड झाल्यावर कळेल. घाई करू नकोस."

घाई करू नकोस म्हणे! ते दिवस मी कसे काढले ते माझ्या नवऱ्याला विचारा. त्याने त्या दिवसांत भाजीला नावं ठेवली नाहीत, यातच सगळं आलं.

चिंगीने बोलावलं ते तिच्या खोलीत. टेबलभर कप, त्यातल्या निम्म्यांत वाळलेला चहा. तिने खुर्ची ओढून मला स्क्रीनपुढे बसवलं.

"आधी नीट ऐक," ती म्हणाली. "हा फोटो नाही. मनातलं वाचणारं मशीन अजून कोणाकडे नाही. शेकडो वेळा मोजलेलं एकत्र करून काढलेलं हे एक धूसर चित्र आहे."

"बरं बाई. दाखव."

"डोक्याच्या मागच्या बाजूला," तिने माझ्या अंबाड्याखाली बोट टेकवलं, "इथे, डोळ्यांनी पाहिलेलं पोचतं. समोरच्या पडद्याची प्रत्येक जागा इथे कुठे ना कुठे उमटते. तुझ्या बाबतीत कुठली जागा कुठे, ते आम्ही आधी मोजून घेतलं. मग कोऱ्या पडद्याच्या वेळात इथे कुठे काय चाललंय ते बघितलं, आणि ते उलटं पडद्यावर मांडलं. लक्षात ठेव, तेव्हा तुझ्यासमोर काहीच नव्हतं."

"काहीच नव्हतं," मी म्हटलं. "आतही नव्हतं."

तिने एक कळ दाबली.

काळं वर्तुळ. आणि त्या वर्तुळातून आरपार गेलेली एक उजळ पट्टी. एकच. कडा धुरकट, पण कल स्पष्ट.

"हे पट्ट्यांचं," ती म्हणाली. "जेव्हा कल असा होता, तेव्हाचं."

"पण पट्टे कितीतरी होते. ही तर एकच रेघ आहे."

"हो. पट्टे किती, केवढे जाड, काळे किती, पांढरे किती, काही ठेवलेलं नाही. नुसता कल." तिने दुसरी कळ दाबली. "आणि हे ठिपक्यांचं."

मी बघत राहिले. तेच काळं वर्तुळ. तशीच एक रेघ.

"चिंगे, चुकीचं लावलंस. हे मघाचंच आहे."

"नाही गं. हे ठिपके आहेत."

"ठिपक्यांत रेघ कुठे होती? ते तर सुटे सुटे चालले होते!"

"तेच तर," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तिच्या लहानपणीचं काहीतरी आलं, गोगलगाय सापडल्यावर ती अशी बोलायची. "पडद्यावर रेघ कधीच नव्हती. तू काढलीस. ठिपके ज्या दिशेने चालले होते त्या दिशेची रेघ, ज्या जागेने आपण बघतो त्याच जागेवर. पुढे तुला दिशा दाखवायची होती ना? मग मेंदूने चालणं टाकून दिलं, ठिपके टाकून दिले, आणि कामापुरती रेघ ओढून ठेवली. पट्टे असोत की ठिपके, आत गेल्यावर दोन्हींची एकच रेघ झाली. ज्यांना चित्रं दिसतात त्यांच्याही डोक्यात आम्हाला अशीच रेघ सापडते. तुझी त्यांच्यापेक्षा फिकी नाही."

माझा हात आपोआप मानेमागे गेला.

तिथे, अंबाड्याखाली, मी आयुष्यभर ज्याच्यावर पिना खुपसल्या त्या जागी, मिट्ट काळोखात कोणीतरी बसलं होतं. ते मीच होते, आणि मी त्याला कधी भेटले नव्हते. पाटी पुसून घ्यावी आणि तिच्यावर एकच रेघ ओढावी, तसं ते काम करत होतं. मी घाबरत होते, चिडत होते, आत काही नाही म्हणून रडकुंडीला आले होते, आणि त्याच क्षणी ते मुकाट्याने रेघ धरून बसलं होतं, मला ती लागेपर्यंत. मग सोडून देत होतं. मग पुढची. मी आजवर केलेला प्रत्येक डोळा त्या अंधारातून, रेघेरेघेने, माझ्या नकळत इकडून तिकडे गेला होता. मी किती डोळ्यांत डोकावले आयुष्यात! आणि त्या सगळ्यांच्या मागे हे असं चाललेलं असतं. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या. भाजी निवडणाऱ्या, जांभया देणाऱ्या, भांडणाऱ्या. माझ्या अंगावर काटा आला आणि मग मला रडू आलं. चिंगीने रुमाल शोधला, तो सापडला नाही, म्हणून स्क्रीन पुसायचं फडकं दिलं.

"आणि चेहरा?" मी नाक पुसून विचारलं. "सासऱ्यांचा?"

"चेहऱ्याचं मला माहीत नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "ते आम्ही मोजलं नाही. मोजता येईल असंही वाटत नाही."

मी मान हलवली. स्क्रीनवर ती रेघ अजून होती. आणि मला एकदम पांढरी भिंत आठवली. आठवली म्हणजे दिसली नाही. कळली.

"चिंगे," मी म्हटलं, "समज, तो कोरा वेळच दिला नाही. पट्टे समोरच ठेवले आणि म्हटलं, बघून बघून दाखव. तर?"

"तर काही धरून ठेवायला नकोच. आणि काय टाकायचं, तेही ठरवायला नको."

"म्हातारा!" मी टेबलावर हात आपटला. दोन कप पडले. "अगं, म्हाताऱ्याने भिंत त्यासाठी ठेवली होती!"

म्हणजे, मला असं वाटलं. त्यांना तरी ते माहीत होतं का, कोण जाणे. कदाचित त्यांना त्यांच्या उस्तादाने मान मोडायला लावली असेल आणि त्यांनी ती मला मोडायला लावली. पण वळता वळता जे गळून जायचं ते गळून गेलं पाहिजे, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. दिव्याखाली दिसणारं सगळंच चकतीवर आलं तर डोळा होत नाही, डोळ्याची यादी होते. भिंतीपलीकडे पोचते ती फक्त रेघ, ब्रशला लागते तेवढी.

घरी येऊन मी खुर्ची उचलली आणि पाठीमागे ठेवली. नवऱ्याने विचारलं, "का गं?" मी म्हटलं, "मुकाट्याने दुसरा हात लावा." हुबेहूब त्याच्या बापासारखं म्हटलं, असं तो नंतर म्हणाला.

न्हावी आला. मी त्याला सांगितलं की आज मी वळले की तुम्ही काहीही विचारायचं नाही.

"बोलू पण नको?"

"बोला. विचारू नका."

मी त्याच्या डोळ्यात बघितलं. मधाचं कडं, त्यातून निसटून खाली जाणारा एक तंतू. वळले. भिंत आली. काळोख तसाच होता, पण या वेळी मी त्यात काही शोधलं नाही. मला माहीत होतं की तिथे कोणीतरी आहे आणि त्याच्या हातात काय आहे. एखाद्या मोठ्या कारागिराच्या खोलीबाहेरून आपण चपला हातात घेऊन जावं, तशी मी त्या भिंतीसमोरून गेले. चकती आली. हाताने रेघ ओढली. कल बरोबर होता.

पुन्हा वळले. न्हावी एका सावकाराच्या कानातल्या केसांबद्दल सांगत होता. पुन्हा भिंत. मला प्रत्येक वेळी तेवढंच नवल वाटत होतं आणि प्रत्येक वेळी हात आपला चालत होता. सासऱ्यांचा चेहरा काही आला नाही. पण मान वळत होती ती त्यांनी वळवल्यासारखी, आणि दुखतही होती अगदी तशीच. मी पाण्याचा थेंब चकतीवर ठेवला. थेंबाखालून मधाचं कडं उजळलं.

डोळा तयार झाला तेव्हा न्हाव्याने तो बसवला, आरसा घेतला, आणि काही बोलण्याआधी स्वतःचे केस सारखे केले. मग म्हणाला, "चला, दुकान उघडायला उशीर झाला." पैसे द्यायचे विसरून गेला. नंतर आणून दिले, टॉवेलात गुंडाळून, तोच पळून गेलेला टॉवेल. म्हणजे दूधवालं गिऱ्हाईक परत आलं होतं.

काही दिवसांनी मी केसांची टोकं कापायला म्हणून त्याच्या दुकानात गेले. खरं म्हणजे बघायला गेले. आत एक अनोळखी जाडा माणूस खुर्चीत मागे रेलला होता, गळा उघडा, डोळे मिटलेले, तोंड जरासं वासलेलं. झोपलाच होता जवळजवळ. न्हाव्याचा वस्तरा त्याच्या कंठावरून चालला होता. मी दारातच उभी राहिले.

न्हाव्याने मला आरशात बघितलं. दोन्ही डोळ्यांनी.

"ओळखा, ताई," तो म्हणाला. "तुमचा कुठला?"

मी बघितलं. उजवा. हे माहीत होतं, पण ओळखायचं होतं ते बघून, आणि आरशात बाजू उलटलेल्या. मी पुन्हा बघितलं. दोन्हीत मधाचं कडं होतं. दोन्हींतून एक तंतू निसटून खाली गेला होता. मी आठवून बघितलं, की रंगवताना कुठला कल कुठे दिला होता. एकही रेघ शिल्लक नव्हती. काम झालं होतं आणि पाटी पुसली होती.

"नाही सांगता येत," मी म्हटलं. आयुष्यात कधी हरण्याचा एवढा आनंद झाला नव्हता.

जाडा माणूस उठून गेला. न्हाव्याने खुर्ची झटकली आणि मला बसवलं. गळ्याभोवती कापड बांधलं, केसांवर पाणी मारलं.

"डोळे मिटा, ताई, केस उडतील."

मी मिटले. नेहमीसारखाच काळोख होता, आणि मी त्यात निवांत बसून राहिले.